हिवरवाडीला, चाडं आणायला

परंडा तालुक्यात सोनारीच्या पुढं हिवरवाडी नावाचं गाव आहे. तिथं रानाचं आणि लाकडाच्या कामाचं संग्रहालय आहे. आमच्या कळंबच्या अंगाला ते कुणाला फारसं ठाऊक नाही. मलाही नव्हतं. मी बघायला म्हणून गेलोच नव्हतो. माझी वस्तू तिथं गेली होती, ती परत आणायला गेलो. आमच्या वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, जे बघितलं ते लिहून द्या, न गेलेल्यांना कळेल. मी चौथी शिकलेला. जमेल तसं लिहितो, वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

वस्तू म्हणजे चाडं. आता पोरांना सांगावं लागतं म्हणून सांगतो. ट्रॅक्टर यायच्या आधी पेरणी तिफणीनं व्हायची. तिफणीला तीन फण, प्रत्येक फणाच्या मागं बांबूचा पोकळ नळा, आणि तिन्ही नळे वर एका लाकडी वाडग्याला मिळायचे. वाडग्याच्या तळाला तीन भोकं. ते चाडं. त्याच्या काठावर मूठ टेकवायची आणि मुठीतनं बी असं सोडायचं की तिन्ही भोकांत सारखं पडलं पाहिजे. आमच्या घरी पेरणीला दोन माणसं. बैलांच्या अंगाला मी, मागं चाड्यावर माझी बायको, सोजर. लग्न झालं त्या साली सुतारानं ते नवीन करून दिलं होतं. ट्रॅक्टर येईपर्यंत पेरणीला दुसऱ्या कुणाची मूठ त्याच्यावर पडली नाही.

सोजर चैत्रात गेली. वैशाखात गावात एक टेम्पो आला, जुनी लाकडी अवजारं गोळा करत. आमच्या दत्तानं, म्हणजे पोरानं, गोठा मोकळा करायचा म्हणून तिफण देऊन टाकली. मी तेव्हा घरात भिंतीकडं तोंड करून पडलेला असायचो. मला पत्ता नाही. भादव्यात लोक ज्वारीच्या पेरणीचं बोलायला लागले तेव्हा गोठ्यात गेलो, तर कोपरा रिकामा.

"तिफण कुठं हाय रं?"

"दिली की दादा. त्या संग्रहालयवाल्यांना. वाळवी लागाया लागली व्हती."

"अन् चाडं?"

"ते तिफणीलाच व्हतं की."

पोराचं काही चुकलं नव्हतं. मी त्याला शिवी दिली ती दिलीच, पण चुकलं नव्हतं. सोजरची लुगडी वाटून झाली. डोरलं सुनेच्या गळ्यात आहे. भिंतीवर फोटो आहे, पण तो भाचीच्या लग्नातला कापून काढलेला, त्यात ती जेवणाच्या पंगतीची वाट बघत उभी राहिल्यासारखी दिसते. नुसत्या तिच्याच हाताची म्हणावी अशी वस्तू घरात उरली नव्हती. तेव्हा चाडं आणायचं ठरवलं.

सोनारी

माझ्याबरोबर इमाम तांबोळी होता. कळंबच्या बाजारात त्याचं पानाचं दुकान, आता पोरगा बघतो. तो म्हणला, "एकटा जाऊ नको नाम्या. तू कंडक्टरशी भांडतो, मंग तुला मधीच उतरवत्यात." भूमला गाडी बदलली, परंड्याला बदलली. गाडीतलं काय सांगायचं, बसलो आणि उतरलो. रान मात्र बदलत जातं ते बघण्यासारखं आहे. आमच्याकडं काळी जमीन आणि नजर जाईल तिथवर सोयाबीन. भूमच्या अलीकडं मुरमाड माळ लागतो, त्यावर बोरी, हिवर, बाभळी. परंड्याकडं पाण्याच्या कडेला ऊस दिसतो आणि मग परत माळ.

सोनारीला काळभैरवाचं देऊळ मोठं आहे. मी दर्शनाला आत गेलो. इमाम म्हणला, तू जा, मी पिशवी सांभाळतो. बाहेर आलो तर इमाम पायरीवर रिकाम्या हातानं बसलेला आणि भिंतीवर माकड आमची धपाटी खात बसलेलं.

"हे काय रं?"

"तुझ्या देवाचा मानूस आला अन् घेऊन गेला. म्या कसा नको म्हणू?"

"डोळा लागला व्हता तुझा."

"डोळा उघडाच व्हता. माकडाला त्याचं काय?"

पिशवीत चाडं गुंडाळायला आणलेलं पोतं होतं. ते माकडानं हुंगून खाली टाकलं. जाणारांनी तिथं खायचं उघड्यावर ठेवू नये एवढं ध्यानात धरावं. भजी घेऊन खाल्ली, चहा घेतला आणि टमटममध्ये बसलो.

हिवरवाडी

संग्रहालय म्हणजे मोठी इमारत असंल असं मला वाटलं होतं. बंद पडलेलं दूध गोळा करायचं केंद्र आहे ते. पत्र्याची लांब शेड, पुढं वऱ्हांडा. शेडभोवती झाडं लावलेली, आणि एकेका झाडाखाली त्याच्या लाकडाचं केलेलं एकेक काम मांडलेलं. बाभळीखाली बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, लिंबाखाली पेटी, बोरीखाली मुसळ. हे मला आवडलं. झाड आणि त्याचं काम शेजारी शेजारी. नाहीतर पोरांना वाटतं मुसळ दुकानात उगवतं.

आत गेल्यावर दाराच्या चौकटी आहेत. एकीच्या गणेशपट्टीवर दोन्हीकडं राघू कोरलेत, त्यांच्या चोचीत डाळिंब. पाळणा आहे, देव्हारे आहेत, जूवर कोरलेली कमळं आहेत. एका खोडातनं कोरून काढलेली काठवट आहे, तिच्यात दहा माणसांचं पीठ मळता येईल. आमच्या घरीही होती, आता परात आली. एक रवी बघितली, तिच्या दांड्याला नागीण कोरलीय, ताक घुसळताना ती वर चढल्यासारखी दिसत असणार. ताक करणाऱ्या बाईला कुणीतरी एवढी करमणूक करून दिली होती.

हे सगळं सांभाळणारी बाई म्हणजे सुनंदा, तिशी-पस्तिशीची. तिचे सासरे मारुती सुतार. म्हातारा वऱ्हांड्यात बसून पोळपाट तासत होता. गावानं मिळून हे उभं केलं, पण राबतात हे दोघं. सुनंदाला मी आल्या आल्या सांगितलं, "बाई, आमची तिफण तुमच्या टेम्पोत आली. तिफण राहू द्या. चाडं माझ्या बायकोचं हाय, ते न्यायला आलोय."

बाई हसतमुख होती, तिचं हसू गेलं. म्हणाली, "काका, आत या."

शेडच्या आतल्या भिंतीवर नुसती चाडी. खालपासून पत्र्यापर्यंत. सगळी गोल, सगळी काळपट, सगळी तेल लावून चकचकीत केलेली. घडलं होतं असं की तिफणी आल्या तेव्हा प्रत्येक तिफणीला गावाचं आणि माणसाचं नाव बांधलं. पुढं पावसात भुंगा लागायला लागला, म्हणून मारुती सुतारानं सगळी चाडी तिफणीपासनं सोडवून त्यांना लिंबाच्या पाल्याची धुरी दिली, करडईचं तेल पाजलं. ती वाळवायला एकाच ढिगात घातली. तिफणीला नाव आहे म्हणून चाड्याला कुणी बांधलं नाही. आणि ढिगातनं भिंतीवर गेली.

"तुमची तिफण हाय, काका. नावासकट हाय," सुनंदा म्हणाली. "पर चाडं यातलं कोन्तं, ते आमाला बी सांगता येणार न्हाय. तुमी वळखा अन् खुशाल न्या. फकस्त चुकीचं नेऊ नका. दुसऱ्याच्या घरचं जाईल, उद्या ते बी येतील."

मी भिंतीसमोर उभा राहिलो. इमाम म्हणला, "बघ की. हितनं तिथवर तुझीच भिंत हाय."

"आमच्यावर कमळ व्हतं," मी म्हणलं.

सुनंदा म्हणाली, "सगळ्यांवर कमळ हाय, काका."

खरंच होतं. चाड्याच्या मागल्या अंगाला, जिकडं पेरणाऱ्या बाईचं तोंड असतं तिकडं, सुतार कमळ कोरतो. कुणाचं आठ पाकळ्यांचं, कुणाचं जरा जास्त. आमचं किती पाकळ्यांचं होतं मला ठाऊक नाही. चाडं बांधायची तीच, पुजायची तीच, पेरणी झाली की धुऊन माळ्यावर ठेवायची तीच. मला ते घरातल्या तव्याएवढं ओळखीचं होतं. पण घरातला तवा दहा तव्यांत ठेवला तर मला ओळखता येईल का, तेही सांगता येणार नाही.

"सारी उमर घरात व्हतं अन् वळखंना?" इमाम म्हणला.

"तुला तुझा अडकित्ता वळखंल का?"

"हां! आंधळ्यावानी वळखंल. त्यो माझ्या हातात असतो."

एकेक उतरवून बघितलं. काही नाही. पाच वाजता परंड्याची शेवटची टमटम होती, ती गेली.

तिथं मुक्काम

सुनंदानं जेवायला घातलं. ज्वारीच्या भाकरी, हुलग्याचं पिठलं, कच्चा कांदा. आमच्याकडं पाहुणा आला की येसराची आमटी होतेच, त्या घरी येसर नावाचा मसाला कुणी केलेला नव्हता. मी कसा करतात ते सांगायला लागलो आणि निम्म्यात अडकलो. धने, खोबरं, तीळ इथपर्यंत आलं, पुढं सोजर काय घालायची ते येईना. सुनंदानं विषय बदलला. येळवसेचं विचारलं. त्यांच्याकडं शेतात जाऊन ती अमावस्या करत नाहीत, नुसती ऐकून आहेत. मी शेतात उभारतात त्या कडब्याच्या कोपीचं सांगितलं, आंबिलाचं सांगितलं. इमाम म्हणला, "याच्या शेतात येळवसेला म्या दर साल जेवतो. अन् याला आजपतुर भज्जी वाढता येत न्हाय, सांडतो." भज्जी म्हणजे त्या दिवशीची सगळ्या भाज्यांची मिसळ. ते खरं आहे, मी सांडतो.

सकाळी मारुती सुतार आम्हाला भैरोबाच्या रानात घेऊन गेला. गावापासून जवळ, ओढ्याच्या वर. तिथं कुऱ्हाड जात नाही. दाट काही नाही, आमच्या मुलखात दाट कुठलं, पण झाडं जुनी आहेत, धावडा आणि हिवर. वाळून पडलेली फांदी उचलायला परवानगी आहे, पण चुलीला नाही. ती साठवून ठेवतात आणि गावात कुणी मेलं की सरणाला देतात. कुणाचंही घर असो, सगळ्यांना त्याच ढिगातलं. आमच्याकडं सरण वखारीतनं येतं. सोजरच्या वेळेला ओलं निघालं, लई धूर झाला. मी मारुतीला ते बोललो. तो म्हणला, "वाळलेलं असलं की मानसाला सोपं जातं. जाणाऱ्याला बी अन् बघणाऱ्याला बी."

रानाबाहेरचं झाड तोडायचं तर त्यांची रीत अशी. आदल्या सांजेला झाडापाशी सुपारी ठेवून सांगायचं, उद्या येतो, कुणी वस्तीला असाल तर जागा बदला. दुसऱ्या दिवशी मगच घाव. बाभूळ अंधाऱ्या पाखातच तोडायची, चांदण्या पाखात तोडली तर भुंगा धरतो. तोडली की ओढ्याच्या डोहात पावसाळाभर बुडवून ठेवायची. आणि नवी बाभूळ करायची तर बी शेळ्या बसवलेल्या जागेवरनं वेचायचं. शेळीच्या पोटातनं आलेलं बी लवकर रुजतं. इमाम म्हणला, "म्हंजी शेळी बी सुतारकीला लागली." मारुती हसला नाही. "लागलीच हाय," म्हणला.

परत येताना मारुतीनं विचारलं, "पाटील, तुमच्या मंडळी उजव्या व्हत्या का डावऱ्या?"

"डावरी. पर पेरताना उजवी."

"असं कसं?"

मग सांगावं लागलं. डाव्या हातानं टाकलेल्या बियाला बरकत नाही, अशी आमच्याकडं समजूत. सोजरचं सगळं काम डाव्या हातानं, भाकरी थापायची तीसुद्धा. लग्नानंतरच्या पहिल्या पेरणीला ती डावी मूठ टेकवून उभी राहिली. माझ्या आईनं तिच्या मनगटावर चापट मारली आणि उजवा हात धरून चाड्यावर ठेवला. तिथनं पुढं जितकी वर्षं आई होती तितकी वर्षं ती पेरणीला रानात यायची. उगवतीच्या बांधावर लिंब होता, त्याच्याखाली बसून शेवटचं तास, म्हणजे तिफणीची शेवटची फेरी, होईपर्यंत सुनेच्या हाताकडं बघायची. सोजर उजव्यानं पेरायला शिकली.

"मग उजवीकडं झिजलेलं बघायचं," मारुती म्हणला. "कमळ आपल्या तोंडाकडं धरायचं. मूठ घासून काठ बसतो."

शेडमध्ये आलो. परत सगळी चाडी खाली. कमळ आपल्याकडं धरून काठावरनं अंगठा फिरवायचा. उजवीकडं झिजलेली वेगळी ठेवायला लागलो तर जवळजवळ सगळीच त्या ढिगात आली.

इमाम म्हणला, "सगळ्यांच्या सासवा सारख्याच दिसत्यात."

सुनंदा खळखळून हसली, मग सासऱ्याकडं बघून पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं म्हणाली, "मामा, ह्ये बगा. दोन्हीकडनं झिजलंय."

मारुतीनं अंगठा फिरवला. "दोघींच्या हातातलं असंल. एक उजवी, एक डावरी. जावा-जावा."

"मग आमचं न्हाय," मी म्हणलं. "आमचं एकटीचं व्हतं."

मी ते बाजूला ठेवलं आणि पुढचं हातात घेतलं. ते हातात तसंच राहिलं. आमचं रान उगवत-मावळत लांब आहे. तास उगवतीकडं जातं तेव्हा आई समोर. तिफणीमागनं येणाऱ्या सोजरचा हात तिला दिसतो. बांधाला तिफण वळली की तास मावळतीकडं. आता आईकडं सोजरची पाठ. चाडं तिच्या अंगाआड. मी बैलांपाशी, तोंड पुढं. त्या तासाला तिच्या हाताकडं बघणारं रानात कुणीच नाही.

मी उजवीकडं झिजलेलं खाली ठेवलं आणि बाजूला ठेवलेलं परत उचललं.

"जाताना डावा," मी म्हणलं. "येताना उजवा."

कुणाला कळलं नाही. मी जमिनीवर बोटानं रान काढून दाखवलं, बांध, लिंब, आई. मारुती बघत राहिला. मग त्यानं चाडं माझ्या हातातनं घेतलं आणि डाव्या अंगाला परत अंगठा फिरवला. "डावीकडं जास्त बसलंय," म्हणला.

"आई गेल्यावर मग डावाच असणार," मी म्हणलं. "कोण बघतंय."

"अन् तुला ठावं न्हाय?" इमाम म्हणला.

"न्हाय."

"कदी बोलली न्हाय?"

"न्हाय."

"तुला फसवलं रं तिनं."

"मला न्हाय. आईला."

"तुला बी. तुझी पाठ व्हती म्हणून तर जमलं."

माझी आई ज्वारी पोटऱ्यात आली की बांधावर उभी राहून शेजारणीला सांगायची, बघ, उजव्या हाताची बरकत. आणि सोजर शेजारी उभी राहून व्हय म्हणायची. एका आड एक तासाचा पाटा डाव्या हाताचा होता. दोन्ही सारखेच यायचे. मला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलं म्हणून लवकर थांबेना. सुनंदानं पाणी आणून दिलं.

मी पोतं पसरलं तेव्हा मारुती म्हणला, "पाटील, एक बोलू? असं चाडं ह्या भिंतीवर दुसरं न्हाय. म्या जल्मात बघितलं न्हाय. हितं राहिलं तर येणाऱ्या बाया बघतील. सुनंदा सांगंल त्यांना."

सुनंदा म्हणाली, "नाव लिहून लावते, काका. सोजरबाई म्हणून. आता चूक व्हणार न्हाय."

ते दोघं खरं बोलत होते. तिथं राहिलं असतं तर त्याची कदर झाली असती, आमच्या घरी कोण करणार. वाचणाऱ्यांतल्या कुणाला वाटेल की ठेवायला पाहिजे होतं. इमामलाही वाटलं, तो परतीच्या गाडीत भूमपर्यंत तेच बोलत होता. पण मी ठेवलं नाही.

"तुमच्याकडं भिंतभर हायत," मी म्हणलं. "माझ्याकडं येक."

सुनंदानं मोबाईलवर फोटो काढून घेतला, दोन्ही अंगांचा. मारुतीनं पोत्याचं तोंड स्वतः बांधलं. म्हणला, करडईचं तेल देत जा, नाहीतर उलंल, चिरा पडतील. ज्यांना हिवरवाडीला जायचं असंल त्यांनी जावं. ती रवी बघावी, राघू बघावेत, भैरोबाच्या रानात चपला काढून जावं. सुनंदा उपाशी पाठवत नाही.

घरी

ज्वारीची पेरणी ट्रॅक्टरनं झाली. ट्रॅक्टरनं चांगली होते आणि लवकर होते.

चाडं मी ओसरीवर ठेवलंय, दोन विटांवर, खाली भोकं मोकळी राहतील असं. सकाळी चहा झाला की पसाभर ज्वारी घेऊन बसतो. डावी मूठ काठावर ठेवतो. काठ झिजून बसलाय तिथं माझी मूठ मावत नाही, तिचा हात लहान होता. बोटं आवळून घ्यावी लागतात. मग बी सोडतो. पहिल्या भोकात ढीग होतो, मधल्यात बरं पडतं, तिसऱ्यात चार दाणे. उजव्या हातानंही करून बघितलं. तसंच. तीन भोकांत सारखं कसं सोडायची ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. बसता बसता येईल. खाली सांडलेली ज्वारी कोंबड्या खातात.